पांढऱ्याखालची सात घरं

“सर, इथं घरं आहेत.”

अष्टेकर सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनवर वाकले.

“कुठं?”

“इथं. पांढऱ्याच्या खाली.”

२००७ सालचा एप्रिल होता. कोल्हापुरात नकाशे करणारी आमची सहा माणसांची कंपनी होती आणि मी तिथली सगळ्यात नवी. त्या वर्षी एका सरकारी खात्याचं मोठं काम आलं होतं. कोकणातल्या एका तालुक्यात डोंगरउतारावरची चौदा गावं धोक्यात होती. पावसाळ्यात दरड कोसळायची वेळ आली तर कुठल्या घरातून किती माणसं खाली आणायची, याचे नकाशे जूनच्या आत हवे होते.

गावाची हद्द खात्याकडून यायची. उपग्रहाच्या चित्रावर ती बसवायची आणि हद्दीबाहेरचं सगळं झाकून टाकायचं. त्यासाठी आम्ही पडद्याएवढा मोठा पांढरा थर करायचो आणि त्यात गावाच्या आकाराचं भोक पाडायचो. भोकात दिसेल ते गाव. बाकीचा डोंगर, जंगल, शेजारची गावं पांढऱ्याखाली. ‘नको असलेला भाग दिसता कामा नये, वाचणारा गोंधळतो,’ असं खात्याच्या पत्रात लिहूनच आलं होतं.

त्या दिवशी निवेखोल या गावाचा थर माझ्याकडून चुकून अर्धवट पारदर्शक राहिला. पातळ धोतरातून दिसावा तसा खालचा डोंगर दिसत होता. गावाची पूर्वेची हद्द एका पऱ्याला, म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याला, लागून जात होती. पऱ्याच्या पलीकडे, चढावर, सात छपरं होती.

“पडकी असतील,” सर म्हणाले. “यादीत काय आहे?”

“यादीत काहीच नाही. गावानं ठराव दिलाय, पऱ्यापलीकडे वस्ती नाही म्हणून.”

“मग फोन करून विचार. उगाच राहायला नको.”

मी सरपंचांना फोन लावला. ते म्हणाले, “तितं कोन नाय.” दुसऱ्या दिवशी गावातल्या दुकानात लावला. कुणी बाई होती. ती म्हणाली, “तितं कोन नाय.” मग कोतवालाचा नंबर मिळाला. शिवराम रेवाळे. लाइनवर कोंबडं आरवल्याचं ऐकू आलं. मग तेही म्हणाले, “तितं कोन नाय.”

तिघांचे शब्द तेच. शाळेत पाठ करून घेतल्यासारखे.

मी आणखी एक चित्र मागवलं, आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमधलं. त्यात सातपैकी चार छपरांवर निळं प्लास्टिक होतं. एप्रिलच्या चित्रात ते काढलेलं होतं. पावसासाठी कुणीतरी घातलं होतं आणि पाऊस संपल्यावर घडी करून ठेवलं होतं.

सरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि म्हणाले, “जाऊन ये.”

*

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी निवेखोलला पोचले. एसटीनं खालच्या गावापर्यंत आणि तिथून पायी दीड तास. शिवरामकाका वाटेत घ्यायला आले होते. पन्नाशीचे, सडपातळ, खांद्यावर टॉवेल. बोलायला गोड. वाटेत करवंदं तोडून माझ्या ओंजळीत घालत होते.

गाव नीटनेटकं होतं. चाळीसेक घरं, जांभ्या दगडाची, कौलारू. पण चालता चालता मला काहीतरी खटकत राहिलं. काय ते कळायला वेळ लागला. एकाही घराला पूर्वेला खिडकी नव्हती. पश्चिमेला खिडक्या, उत्तरेला, दक्षिणेला. पूर्वेला नुसती भिंत. काही ठिकाणी जुन्या खिडकीची चौकट दिसत होती आणि तिच्यात चिरे बसवून गिलावा केलेला होता.

“काका, या बाजूच्या खिडक्या का बुजवल्या?”

“वारा येतो त्या अंगान.”

कोकणात मे महिन्यात वारा नको असलेलं गाव मी पहिल्यांदाच बघत होते.

त्यांच्या घरी त्यांच्या बायकोनं, सुमित्राकाकूंनी, कोकम सरबत दिलं. त्यांची सहा वर्षांची नात सावी माझ्या जीपीएसच्या यंत्राभोवती घुटमळत होती. मी तिला घेऊन मागच्या परसात गेले. भर दुपार होती. पऱ्यापलीकडच्या झाडीतून धुराची एक बारीक रेघ सरळ वर जात होती.

“सावी, तो धूर कसला गं?”

तिनं मी दाखवलं तिकडे पाहिलं. अगदी नीट पाहिलं.

“धूर नाय. धुका हाय.”

“उन्हात धुकं?”

“तितं धुकाच असता,” ती म्हणाली. खोटं बोलताना पोरांचा चेहरा बदलतो. तिचा बदलला नाही. आणि लगेच तिनं यंत्राचं बटण दाबून विचारलं, “ह्याच्यात गाना लागता?”

जेवण झाल्यावर शिवरामकाका मला हद्द दाखवायला निघाले. पायवाट अरुंद होती. एका वळणावर समोरून एक म्हातारा आला. उंच, पाठीत वाकलेला, डोक्यावर लाकडांची मोळी. आम्हाला पाहताच तो वाट सोडून काट्यात उभा राहिला. शिवरामकाका त्याच्या अंगावरून गेले. इतक्या जवळून की मोळीतली एक काटकी त्यांच्या टॉवेलला लागली. त्यांनी टॉवेल सोडवून घेतला, झुडपातून सोडवावा तसा. मान वळली नाही, पाऊल चुकलं नाही.

मी थांबले. म्हाताऱ्यानं डोळे खाली केले होते. मी नकळत हात जोडले. त्यानं पाहिलं की नाही, कुणास ठाऊक.

धावत काकांना गाठलं. “ते कोण होते?”

“कोन?”

“आत्ता. मोळीवाले.”

“ऊन लागला काय तुमाला?” त्यांनी काळजीनं विचारलं. “डोकीवर रुमाल घ्या.”

मी मागे वळले. म्हातारा तिथंच उभा होता. लहानपणापासून मी भुताखेताच्या गोष्टींना हसत आले होते. त्या क्षणी मात्र हसू आलं नाही. मला दिसतंय ते खरंच आहे का, अशी शंका येणं ही फार वाईट गोष्ट असते.

पऱ्याशी येऊन काका थांबले. पात्रात गुडघाभर गोटे होते, पाणी नावालाच.

“हितं संपली हद्द.”

“मला पलीकडं जायचंय.”

“पलीकडं काय नाय.”

“नसेल तर नाही म्हणून लिहिते. बघून तर येऊ दे.”

काका टॉवेलनं मान पुसत म्हणाले, “मी हितं थांबतो.”

*

चढ पंधरा मिनिटांचा होता. वर पोचले तेव्हा आधी दिसलं ते सारवलेलं अंगण. मग दुसरं. दोरीवर सदरे वाळत होते. तुळशीला पाणी घातलेलं होतं. सात घरं, चित्रात होती त्याच जागी. आणि प्रत्येक दारात माणसं उभी होती. बायका, पुरुष, दोनचार मुलं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि कुणीही बोलत नव्हतं. एक कुत्रं होतं, तेही भुंकलं नाही.

“नमस्कार,” मी म्हणाले. “मी कोल्हापूरहून आले. नकाशाच्या कामाला.”

कुणी हललं नाही.

“ही कुठली वाडी?”

पहिल्या घरातली म्हातारी पायरी उतरून खाली आली. माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि माझ्या डोळ्यांत पाहत तिनं हळूच विचारलं, “बाय, तुला आमी दिसताव?”

पळून जावं असं वाटलं. मी मान हलवली.

म्हातारी वळली आणि दारातल्यांना म्हणाली, “दिसताव म्हंते.”

कुणीतरी आतून तांब्या आणला. म्हातारीनं तो माझ्या हातात दिला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. गरम होती, चुलीपाशी असल्यासारखी. मी पाणी प्यायले. घटाघटा प्यायले.

तेवढ्यात मघाचा म्हातारा मोळी घेऊन चढून आला. त्यानं मोळी उतरवली, घाम पुसला, आणि त्याच्याच तोंडून मी वाडीची गोष्ट ऐकली. त्यांचं नाव दत्ताराम रेवाळे.

“एक्क्याऐंशी साल,” ते म्हणाले. “पाटलाची सून हिरीत पडली. पाय घसरला म्हनून सांगितला समद्यांनी. मी बघितला होता. घसरली नव्हती. तिच्या नवऱ्यानं टाकली. पोलिसांनी इचारला, मी सांगितला. कोडतात पन सांगितला. त्येला जन्मठेप झाली.”

“मग?”

“मग गावकी बसली. वाडी वाळीत.”

वाळीत टाकणं मला ऐकून माहीत होतं. पाणी बंद, बोलणं बंद. पण दत्तारामकाका सांगत होते ते त्याच्या पलीकडचं होतं. ठराव असा झाला होता की पऱ्यापलीकडे कुणी नाही. बोलायचं नाही असं नाही, नाहीच. कुणी हाक मारली तर ऐकू आली नाही. कुणी समोर आलं तर दिसलं नाही. ज्यानं पाहिलं, तोही पलीकडचा. सुरुवातीला लोकांना जड गेलं. नजर चुकवताना दिसायचे. दोनतीन वर्षांत सवय झाली. नंतरच्या पोरांना तर चुकवायची गरजच उरली नाही.

“आमी रेशनला, बाजाराला डोंगरापल्याड जाताव,” ते म्हणाले. “पोरं तिकडंच शिकली. गेली ती परत येत नायत. पन भात हितं हाय, हाडं हितं हायत. आमी कुटं जानार?”

“तुम्ही तक्रार नाही केली कुठं?”

“तलाठी आला होता एकदा. गावाला इचारला. गाव म्हनला, कोन नाय. तो खालूनच गेला.”

मग ते मला घरांच्या मागे वर घेऊन गेले. तिथं कातळाच्या खाली मातीत एक भेग होती, वाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला.

“गेल्या पावसात पडली,” ते म्हणाले. “म्हयन्याला बोटभर वाडते.”

मी माणसं मोजली. एकतीस. घरांची ठिकाणं यंत्रात घेतली, फोटो काढले. निघताना त्या म्हातारीनं माझा हात धरून ठेवला. नुसता धरून ठेवला.

खाली शिवरामकाका पऱ्यात उभेच होते. तासाभरात ते सावलीलाही गेले नव्हते.

“पानी मिळाला काय तुमाला?” त्यांनी विचारलं.

“कुठं?” मी म्हणाले.

त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग ते पाठ फिरवून चालू लागले.

*

अष्टेकर सरांनी फोटो पाहिले आणि लगेच खात्याच्या साहेबांना फोन लावला. स्पीकरवर.

“ग्रामसभेचा ठराव आहे,” साहेब म्हणाले. “वस्ती निरंक. हद्द दिली आहे तीच ठेवा. बदलली तर पुन्हा सगळं मंजुरीला जाईल आणि जून उलटेल. बाकीच्या तेरा गावांचं काय?”

फोन ठेवून सर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले.

“वृंदा, आपण सांगितलेलं काढायचं असतं.”

“सर, भेग कोपरभर आहे.”

“ते बरोबर आहे.”

“तो पांढरा थर मी केलाय. माझ्या हातानं एकतीस माणसं झाकलीत. गावानं झाकली ते मला ठाऊक नव्हतं, आता आहे.”

सर उठले. “मी चहाला जातो. अर्धा तास लागेल. तोवर निवेखोलचा नकाशा छपाईला पाठवून टाक. मी काही पुन्हा उघडून बघत नाही.”

दार लागल्यावर मी फाइल उघडली. हद्दीची रेघ मी हलवली नाही. फक्त पांढऱ्यात, पऱ्याच्या पलीकडे, आणखी एक भोक पाडलं. सात लाल ठिपके ठेवले आणि लिहिलं: ‘वरची वाडी. घरं ७, माणसं ३१. आधी हलवावी.’ छापल्यावर ते कागदात खिडकी कापल्यासारखं दिसत होतं.

पाठवायचं बटण दाबण्याआधी मी फोटो पुन्हा उघडले. नोकरी जाईल म्हणून नव्हे. ती माणसं खरंच होती ना, अशी शंका तेव्हाही मनात येऊन गेली. फोटो समोर असताना.

*

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस पाऊस थांबला नाही. चौदाही गावं खाली आणायचा हुकूम निघाला. पुढचं मला तहसीलच्या मुकादम भाऊसाहेबांनी नंतर सांगितलं. ते अव्वल कारकून, निवेखोल त्यांच्याकडे होतं. गाव अर्ध्या दिवसात खाली उतरलं. मग त्यांनी भिजलेला नकाशा उलगडून विचारलं, “ही वरची वाडी कुठं?”

“तितं कोन नाय,” सरपंच म्हणाले.

“कागदावर एकतीस आहेत.”

“कागद चुकलाय, भाऊसाहेब.”

“चुकला असेल. पण मला एकतीस माणसं मोजून सही करायची आहे. ती मोजल्याशिवाय मी इथून हलत नाही.”

गावातलं कुणीही वाट दाखवायला पुढे आलं नाही. भाऊसाहेब दोन होमगार्ड आणि एक दोर घेऊन नकाशावरून चढले. पऱ्या छातीपर्यंत भरला होता. एकतीस माणसं त्यांनी दोराला धरून आणली, म्हातारीला पाठीवर घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास वरचा कातळ सुटला. निवेखोल वाचलं. पऱ्यापलीकडे एक घरही उरलं नाही.

दरडीनंतरचा नकाशा करायला मला पाठवलं, तेव्हा तिसरा दिवस होता. सगळे खालच्या गावातल्या हायस्कूलच्या हॉलमध्ये होते. बाहेर भरदिवसा अंधारून आलं होतं. मी दारात उभी राहिले.

एका भिंतीशी निवेखोल. दुसऱ्या भिंतीशी वाडी. मध्ये दहाएक फूट रिकामी फरशी. निवेखोलची माणसं बोलत होती, पत्ते खेळत होती, पोरांना रागावत होती. भात वाढणारे निवेखोलचेच होते. त्यांची रांग रिकाम्या फरशीच्या काठापर्यंत यायची आणि तिथून वळायची. पलीकडच्या एकतीस जणांना मुकादम भाऊसाहेब स्वतः वाढत होते. पलीकडे कुणी तक्रार करत नव्हतं. कुणी आवाजही करत नव्हतं. तीन दिवस एका छपराखाली, आणि एका बाजूला दुसरी बाजू नव्हतीच. डोंगर कोसळून घरं गाडली गेली होती, त्याची कुणी चौकशीही केली नव्हती. जे नव्हतंच ते गाडलं कसं जाणार?

सावी आजीच्या मांडीवर होती. ती समोरच्या भिंतीशी बसलेल्या आपल्याच वयाच्या मुलीकडे टक लावून बघत होती.

“आजी, ती कोन?”

सुमित्राकाकूंनी तिचं तोंड हातानं आपल्याकडे वळवलं. सावीनं हात झटकला आणि पुन्हा बघितलं. “आजी, ती कोन गो?”

तिचा आवाज मोठा होता. पत्ते थांबले. सगळा हॉल गप्प झाला. पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता.

शिवरामकाका खिडकीशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं. ते नातीकडे बघत होते, मग हळूहळू त्यांची नजर फरशीवरून सरकत पलीकडे गेली. पलीकडे दत्तारामकाका भिंतीला टेकून बसले होते. वरचा पत्रा गळत होता आणि पाण्याची धार त्यांच्या डाव्या खांद्यावर पडत होती. किती वेळ पडत असेल, देव जाणे. सदरा अंगाला चिकटला होता. ते हलले नव्हते.

शिवरामकाका चालू लागले. रिकाम्या फरशीच्या मधोमध येऊन थांबले. त्यांच्या पाठीमागे सरपंच खाकरले. काकांची मान आखडली, पण ते वळले नाहीत.

“दादा,” ते म्हणाले.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. दोघांचं नाक एक, कपाळ एक, वाकून उभं राहायची ढबही एक. रेवाळे आणि रेवाळे. अख्ख्या गावात अर्धी घरं रेवाळ्यांची, म्हणून मी कधी जोडून पाहिलं नव्हतं. हद्दीकडच्या पायवाटेवर त्यांनी आपल्या सख्ख्या थोरल्या भावाच्या मोळीतून टॉवेल सोडवून घेतला होता.

“दादा, सरक जरा. पानी गळताय अंगावर.”

दत्तारामकाका तसेच बसून राहिले. नजर समोरच्या फरशीवर. धार खांद्यावर. त्यांना ऐकू आलं होतं, मी पाहत होते, ऐकू आलं होतं. पण सव्वीस वर्षांत त्या बाजूनं आलेला कुठलाच शब्द त्यांच्यासाठी नव्हता. त्यांनी फक्त शेजारच्या माणसाकडे पाहिलं, त्यालाच कुणी दादा म्हणत असेल म्हणून.

मी गेले आणि दत्तारामकाकांसमोर बसले. त्यांच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला.

“काका, ते तुम्हालाच म्हणताहेत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या भावाकडे. फार वेळ पाहिलं, लांबचं काही ओळखायचा प्रयत्न करावा तसं.

“माला?” त्यांनी विचारलं.